वर्षभराचे ३५१ फोटो: आता यांच्याकडे बघायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर रोज एक फोटो काढायचा नेम केला. चौदा खाडे पडले, ३५१ फोटो जमले. आता सगळे एकत्र बघितले तर धड असे दहा-बाराच वाटतात, बाकी भरताड. मग वर्ष वाया गेलं का? या ढिगाचं करायचं काय? पुढचं वर्षही करावं का? आणि त्या चौदा रिकाम्या तारखांवर आसपासच्या दिवसांचे जादा फोटो बसवले तर चालतील का?

फोटो काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. रोज एक फोटोचं वर्ष मी तीनदा पुरं केलंय आणि एकदा सातव्या महिन्यात सोडून दिलंय. शिकायला येणाऱ्यांपैकी जे हा नेम पुरा करतात, ते बहुतेक सगळे शेवटी असाच चेहरा पाडून येतात. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी तुमच्या दहा-बारांबद्दल. वर्षाला बारा ठळक फोटो मिळाले तर पीक चांगलं आलं म्हणायचं, असं ॲन्सेल ॲडम्स म्हणायचे. मोठाले कॅमेरे खांद्यावरून डोंगरात वाहून नेणारा हा अमेरिकन निसर्गछायाचित्रकार. त्याच्या हिशोबाने तुमचं पीक बरं आलंय. पण खरं सांगायचं तर ही मोजणीच चुकीच्या वहीत चाललीय. रोजच्या फोटोला ‘चांगला आहे का’ एवढीच फूटपट्टी लावली तर तो हरणारच. ज्या दिवशी काढण्यासारखं काही नाही, त्या दिवशीही काढायचा, हीच तर या नेमाची अट होती. मग त्या दिवशीच्या फोटोने देखणं असायला हवं ही अपेक्षा कशाला?

माझं म्हणणं असं आहे की तुम्ही ज्यांना भरताड म्हणताय, वर्षाचा खरा ऐवज त्यांच्यातच आहे. चांगले दहा-बारा तुम्ही या नेमाशिवायही काढले असते. सुंदर उजेड पडला, ढग दाटून आले, पोर खळखळून हसलं की कुणीही खिशातून फोन काढतो. रात्री पावणेबाराला दात घासता घासता ‘अरे, आजचा राहिलाच’ म्हणून पाट्या टाकल्यासारखा काढलेला फोटो मात्र या नेमानेच काढून घेतला. तो दुसऱ्या कुठल्याही वाटेने आला नसता.

माझ्या पहिल्या वर्षात असा एक फोटो आहे, स्विचबोर्डचा. तिरका, पिवळट, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) इतका चढवलेला की भिंतीवर मुंग्या बसल्यासारखा दाणा दिसतो. त्या दिवशी तो फोल्डरमध्ये टाकताना मला स्वतःचीच लाज वाटली होती. पुढच्या वर्षी आम्ही ते घर सोडलं. तिथे आम्ही अकरा वर्षं राहिलो, शेकडो फोटो काढले. त्यात वाढदिवस आहेत, पाहुणे आहेत, गच्चीवरून दिसणारा सूर्यास्त तर किती वेळा आहे याला गणती नाही. पण कुठलं बटण कुठल्या दिव्याचं हे ज्या बोर्डवर घरातल्या कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, आणि ज्याला आम्ही दिवसातून वीस वेळा हात लावत होतो, त्याचा फोटो एकच. स्विचबोर्डचा फोटो एरवी काढतं कोण?

म्हणून पहिली विनंती: काहीही डिलीट करू नका. निवडलेल्या ३५१ पैकी तर नाहीच, पण त्या त्या दिवशी काढून बाजूला टाकलेलेही नाही. एका दिवशी आपण पाच-सहा तरी फ्रेम काढतो आणि त्यातली एक ठेवतो. ती निवड त्या संध्याकाळच्या माणसाने केलेली असते. फोटोसाठी किती खटपट केली, कुठे वाकलो, कुणी हटकलं, हे सगळं त्याच्या डोक्यात ताजं असतं आणि त्या कष्टाचे गुण तो फोटोला देऊन मोकळा होतो. गॅरी विनोग्रँड काढलेली फिल्म मुद्दाम वर्षभर, कधी त्याहूनही जास्त पडू द्यायचे आणि मग धुवायचे. काढतानाची आठवण पुसली गेली की फोटो नुसता फोटो म्हणून दिसतो, हे त्यामागचं कारण. (ही सवय पुढे हाताबाहेर गेली हेही खरं. १९८४ मध्ये ते वारले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल धुवायचेच राहिले होते.) तुमच्याकडे ती पडून राहण्याची मुदत आपोआप भरलीय. वर्षाच्या सुरुवातीचे बाजूला टाकलेले फोटो आज उघडून बघा. तेव्हाच्या निवडीतल्या बऱ्याच तुम्हाला आज पटणार नाहीत.

आता बघायचं कसं. स्क्रीनवर एकामागून एक सरकवत बघू नका. तसं केलं की प्रत्येक फोटो आपली बाजू मांडायला उभा राहतो आणि तुम्ही न्यायाधीश होऊन बसता. लहान लहान प्रिंट काढा. एका महिन्याचे तीस-एकतीस फोटो एका कागदावर मावतील असे, म्हणजे पूर्वी काँटॅक्ट शीट असायची तसे. असे बारा कागद. ते जमिनीवर ओळीने मांडा, उभे राहा आणि डोळे किलकिले करून नुसते रंग बघा. विषय नको, कुठला बरा कुठला वाईट तेही नको.

पिवळ्या-केशरी पडलेल्या महिन्यांत तुम्ही दिव्याखाली फोटो काढत होता, म्हणजे दिवसभर त्याची आठवण झाली नव्हती. निळसर झाक असेल तर संध्याकाळ, सावली किंवा ढगाळ दिवस. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स हे रंग बरेच सारखे करून टाकतो, पण सगळे पुसू शकत नाही. माझ्या पहिल्या वर्षाचे चौथा आणि पाचवा हे कागद असे पिवळेधमक निघाले की दुरूनसुद्धा कळत होतं. त्या महिन्यांत मी एका मोठ्या कामात गळ्यापर्यंत बुडालो होतो. ते काम माझ्या लक्षात होतं. त्या दोन महिन्यांत मी दिवसाउजेडी जवळजवळ काहीच पाहिलं नव्हतं, हे मात्र कागद बघेपर्यंत माहीत नव्हतं.

रंगानंतर घड्याळ. प्रत्येक फाइलमध्ये काढल्याची वेळ नोंदलेली असते. तारीख सोडून फक्त वेळेनुसार फोटो लावा. हे जमवून देणारी बरीच सॉफ्टवेअर आहेत, नाहीतर वहीवर रेघोट्या ओढूनही होतं. माझे निम्म्याहून जास्त रात्री नऊनंतरचे निघाले. म्हणजे मी फोटो काढत नव्हतो, उरकत होतो. दुसऱ्यांदा पुरं केलेल्या वर्षी एकच नियम केला: दुपारी बाराच्या आत. त्या एका नियमाने जेवढा फरक पडला तेवढा नव्या लेन्सनेही पडला नव्हता. सकाळी काढायचा ठरवलं की नजर उठल्यापासून कामाला लागते. रात्रीवर ढकललं की दिवसभर ती आरामात असते.

इथे दोन खाचखळगे आहेत. फोनचं घड्याळ आपोआप जुळतं, कॅमेऱ्याचं बहुधा आपणच लावलेलं असतं. बॅटरी काढून फार दिवस पडून राहिला किंवा प्रवासात देश बदलला तर ते चुकू शकतं, आणि मग पहाटे तीनला भर उन्हातला फोटो दिसतो. दुसरं म्हणजे चॅटवरून पाठवलेला आणि तिथून परत उतरवून घेतलेला फोटो. त्यातली ही माहिती बहुतेक वेळा गळून गेलेली असते, शिवाय फोटोही आक्रसलेला असतो. मूळ फाइल शोधा.

मग अंतर. तुम्ही वस्तूपासून किती लांब उभे होता? बहुतेकांचे बहुतेक फोटो दोन-तीन मीटरवरून, उभ्याने, डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले असतात. फोनची मुख्य लेन्स चांगली रुंद बघते, पूर्ण चौकटीच्या (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याच्या भाषेत साधारण २४ ते २६ मिलिमीटर. तेवढ्या अंतरावरून वस्तू चौकटीच्या मधोमध बारकीशी बसते आणि चारी बाजूंनी नको ते आत येतं. तुमच्या ३५१ पैकी किती फोटो बसून काढलेत, किती जमिनीला टेकून, किती हातभर अंतरावरून, ते मोजा. आकडा बघून कुणाशी तुलना करायची नाही. पुढे कुठे सरकायचं ते त्यातून कळतं, बास.

सगळ्यात अवघड मोजणी म्हणजे काय नाही त्याची. माझ्या पहिल्या वर्षात माणसं भरपूर होती, पण बहुतेक पाठमोरी. चालणारी, पाठ करून उभी, खिडकीतून बाहेर बघणारी. मी त्याला ‘माझी शैली’ म्हणत होतो. बारा कागद मांडल्यावर शेजारी उभ्या असलेल्या मित्राने विचारलं, “तुझ्याकडे कुणी बघतच नाही का रे?” शैली वगैरे काही नव्हती. समोरच्याला ‘तुमचा फोटो काढू का’ असं विचारायची माझी हिंमत होत नव्हती. तुमच्याही ढिगात असं एखादं भोक असणार. घरातलं एखादं माणूस वर्षभरात एकदाही आलेलं नसेल. तुमचं कामाचं ठिकाण नसेल, जिथे दिवसाचे आठ तास जातात. स्वतः तुम्ही नसाल.

हात सुधारला का, हे बहुतेकांना पहिल्यांदा विचारायचं असतं. सुधारला असेल, पण पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवून ते कळणार नाही. शेवटच्या दिवशी तुम्ही थकलेलेही असू शकता. सारख्या विषयाचे फोटो शोधा: खिडकी, जिना, रस्ता, झोपलेलं मांजर, जे तुमच्याकडे पुन्हा पुन्हा आलं असेल ते. दुसऱ्या महिन्यातली खिडकी आणि दहाव्या महिन्यातली खिडकी. उजेडाचा अंदाज, एक्स्पोजर (किती उजेड आत घ्यायचा ते), चौकटीच्या कडा आवरणं, या गोष्टी माझ्या अनुभवाने पहिल्या तीनेक महिन्यांत अंगवळणी पडतात. नंतर रेघ सपाट होते. ती सपाट का होते, तर एकदा जमलेलं आपण वापरत राहतो. प्रत्येकाचे दोन-तीन हुकमी एक्के तयार होतात. माझा एक्का म्हणजे खिडकीच्या उजेडासमोर काळी आकृती. एक्स्पोजर कमी केलं, आकृती काळी झाली, फोटो ‘कलात्मक’ झाला, आजचं काम संपलं. आठव्या महिन्याच्या कागदावर मी त्यांच्यावर लाल खुणा केल्या, तर कागदाला गोवर आल्यासारखा दिसायला लागला. साचलेल्या पाण्यातलं प्रतिबिंब, अर्धवट उघडं दार, वरून काढलेल्या चपला हेही असेच एक्के. तुमचे कुठले ते शोधा. आणि रोजचा फोटो लगेच लोकांना दाखवत असाल तर ते शोधणं आणखी गरजेचं आहे, कारण ज्याला वाहवा मिळाली तेच हात पुन्हा काढतो.

एक गोष्ट या नेमाचे भाट सांगत नाहीत. रोज एक फोटो सुरुवात करायला शिकवतो, तडीस न्यायला नाही. रोज नवा विषय, रोज पाटी कोरी. एकाच जागी दहादा जाणं, उजेडाची तासभर वाट बघणं, एका माणसाबरोबर चार दिवस राहून त्याचा फोटो काढणं, यातलं काहीही त्यातून येत नाही. उलट ‘आजचा झाला’ म्हटलं की कॅमेरा पिशवीत जातो, आणि नेमका अर्ध्या तासाने उजेड फिरतो. माझ्याकडून असं किती वेळा झालंय ते सांगत नाही.

व्हिडिओ करण्याचा मोह होईल. गंमत म्हणून जरूर करा, पण गणित आधी बघा. सिनेमाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम लावल्या तर तुमचे ३५१ फोटो १५ सेकंदांच्या आत संपतात. आणि प्रत्येक फोटो सेकंदाच्या १२५ व्या भागात काढला असं धरलं तर वर्षभरातला तुमच्या कॅमेऱ्याने पकडलेला एकूण काळ भरतो तीन सेकंदांहून थोडा कमी. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा थोडा वेळ गप्प बसलो होतो.

एवढ्या वेगात तुमच्यासारखे वेगवेगळ्या विषयांचे फोटो नुसते डोळ्यांपुढे फडफडतात. चौकटीत काहीतरी स्थिर असेल तरच तो वेग पेलतो. नोआ कॅलिनाने ११ जानेवारी २००० पासून रोज स्वतःचा चेहरा टिपला आणि २००६ मध्ये त्याचा व्हिडिओ केला. डोळे चौकटीत त्याच जागी, चेहरा जवळजवळ तसाच, आणि मागच्या खोल्या भराभर बदलत जातात. म्हणून ते बघवतं. तुमच्या फोटोंना प्रत्येकी अर्धा सेकंद द्या, तीन मिनिटांत वर्ष बसेल आणि काय होतं तेही दिसेल. आवाज घालू नका, निदान पहिल्यांदा बघताना तरी. संगीत घातलं की कुठलेही फोटो गहिरे वाटायला लागतात.

पाखडणी. म्हणजे ढिगातून वीस-तीस बाजूला काढणं, भिंतीवर लावायला किंवा छोटं पुस्तक करायला. रॉबर्ट फ्रँक यांनी पन्नाशीच्या दशकात अमेरिकाभर फिरून २७,००० हून अधिक फ्रेम काढल्या आणि पुस्तकात घेतले ८३ फोटो. म्हणजे तीनशेहून जास्त फ्रेममागे एक. ३५१ मधून तीस ही त्यामानाने फारच सढळ निवड आहे, तेव्हा टाकताना हात आखडू नका. पण टाकायचं ते मांडणीतून. मूळ फाइल तशीच राहणार.

यात मला उपयोगी पडलेली युक्ती: प्रिंट सुटे कापा आणि दोन माणसांना वेगवेगळ्या वेळी बघायला द्या. एक तुमच्याबरोबर राहणारं, दुसरं तुमच्या आयुष्याशी काहीच संबंध नसलेलं. त्यांना ‘कुठले आवडले’ विचारू नका, हात कुठे थांबतो ते बघा. परक्या माणसाचा हात जिथे थांबतो तो फोटो, फोटो म्हणून उभा राहतो. घरचं माणूस जिथे थांबून ‘हे कधीचं?’ म्हणून विचारतं, तो वर्षाचा फोटो. दोन्ही ढीग वेगळे ठेवा. एकमेकांत मिसळून सरासरी काढलीत की दोन्ही मरतात. मला निवडच करावी लागली तर मी दुसरा ढीग उचलतो, पण ते माझं मत. प्रदर्शन लावायचं असेल तर अर्थातच पहिला.

मग जोड्या लावा. वर्षाच्या दोन टोकांचे दोन फोटो शेजारी ठेवले की कधी कधी तिसरंच काही बोलतात. तारखेचा क्रम पाळायचा की मोडायचा? पुस्तक करताना मी पाळतो. क्रम मोडला की हा रोजचा नेम होता हे कळेनासं होतं आणि उरतात फक्त तीस बरे फोटो.

जपणुकीबद्दल थोडक्यात. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने घाला, म्हणजे फोल्डर आपोआप ओळीत लागतो. तीन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर. फोनमधली एक आणि फोनशी आपोआप जुळणारी ऑनलाइन एक, याला दोन धरू नका. बऱ्याचदा इथे डिलीट केलं की तिथलंही जातं. आणि निवडक प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलने दोन शब्द लिहा: कुठे, कोण. आज ते उगाच वाटतं. पाच वर्षांनी ‘हा जिना कुणाचा’ यावर घरात वाद होतो.

पुढचं वर्ष करावं का? लगेच नको. मी सोडून दिलेलं वर्ष हे पहिल्या वर्षाला जोडून सुरू केलेलं होतं. नियम तेच, कॅमेरा तोच, मीही तोच. सातव्या महिन्यात एका फोटोवर तारीख नसती तर तो कुठल्या वर्षाचा हे मला सांगता आलं नसतं. त्या दिवशी थांबलो, आणि त्याचं वाईट वाटलेलं नाही. जेमी लिव्हिंगस्टन यांच्यासारखी माणसं वेगळी. त्यांनी ३१ मार्च १९७९ ला रोज एक पोलरॉइड काढायला सुरुवात केली आणि २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, म्हणजे आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी मृत्यू येईपर्यंत ते काढत राहिले. साडेसहा हजारांहून जास्त फोटो. शेवटच्या महिन्यांत दवाखाना आहे, आजारपण आहे, आणि तिथेही तोच नेम. ते बघताना आपण ‘हा फोटो चांगला आहे का’ असं विचारत नाही.

आपल्यासारख्यांनी पुन्हा करायचं तर जागा आवळून करावं. योसेफ सुदेक यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. एका हाताने अवजड कॅमेरा हाताळणाऱ्या या माणसाने प्रागमधल्या आपल्या स्टुडिओची खिडकी १९४० पासून सुमारे चौदा वर्षं टिपली. काचेवरचं दव, पलीकडचं वाकडं झाड, बर्फ, पुन्हा दव. किंवा काळ ताणा. निकोलस निक्सन यांनी पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांचा १९७५ पासून वर्षाला एक असा फोटो चाळीसहून अधिक वर्षं प्रसिद्ध केला. चौघींचा उभं राहण्याचा क्रम दर वर्षी तोच. रोजचं कष्ट नाही, पण वर्षाचा एक दिवस चुकवायचा नाही.

तुम्ही रोजच करणार असाल आणि घरून आकाशाचा जरा मोठा तुकडा दिसत असेल तर एक हौशी प्रयोग सुचवतो. ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या मिनिटाला, एकच चौकट. सावल्या वर्षभर कशा सरकतात ते दिसेल, आणि घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा एकच नसतात हेही. डेनिस डि सिक्को यांनी १९७८-७९ मध्ये वर्षभर ठरावीक वेळी सूर्य टिपला, तोही फिल्मच्या एकाच चौकटीवर पुन्हा पुन्हा. त्यातून आकाशात इंग्रजी आठाचा आकडा उमटला. (सूर्यावर थेट कॅमेरा रोखायचा तर योग्य सौर फिल्टर लागतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून सूर्याकडे बघू नका. आपण सावल्यांवर भागवलेलं बरं.)

आता चौदा खाडे. नाही, जादा फोटो बसवू नका. आदल्या दिवशीचा दुसरा फोटो तारीख बदलून घातलात तर ते फक्त तुम्हालाच माहीत असेल, आणि पुढे तुम्हीही विसराल. मग उरलेल्या ३५१ वरचाही तुमचा विश्वास थोडा उडेल.

तेहचिंग श्ये या कलाकाराने न्यूयॉर्कमध्ये ११ एप्रिल १९८० पासून वर्षभर, दिवस-रात्र, दर तासाला कारखान्यात असतं तसल्या हजेरीच्या घड्याळात कार्ड ठोकलं आणि प्रत्येक वेळी सिनेकॅमेऱ्याने स्वतःची एक फ्रेम टिपली. सुरुवातीला डोकं भादरलं होतं, म्हणून सहा मिनिटांच्या त्या फिल्ममध्ये केस सरसर वाढताना दिसतात. एकूण ८,७६० वेळा कार्ड ठोकायचं होतं. १३३ वेळा चुकलं. ते त्याने लपवलं नाही, त्याचा तक्ता केला: ९४ वेळा झोप लागली म्हणून, २९ वेळा उशीर झाला म्हणून, १० वेळा वेळेच्या आधीच ठोकलं म्हणून. तो तक्ता त्या कलाकृतीचाच भाग आहे, आणि मला विचाराल तर फिल्मइतकाच बोलका.

तुमचाही तक्ता चौदा ओळींचा होईल. बारा कागदांवर त्या तारखांच्या चौकटी कोऱ्या सोडा, खाली तारीख छापा, आणि प्रत्येकीपुढे कारण लिहा. विसरलो, प्रवासात बॅटरी संपली, नको वाटलं, जे असेल ते. हे या आठवड्यातच करा. वर्षाच्या सुरुवातीच्या खाड्यांची कारणं एव्हाना पुसट व्हायला लागली असतील.